शेवग्याखालची जागा

ग्राफमास्तर संगणक कधीच बंद करत नसत. संध्याकाळी सुट्टी झाली की पडद्याचं बटण तेवढं दाबायचे, वर एक टॉवेल झाकायचे आणि सायकल काढायचे. आत फाईल उघडीच. मी शंभरदा सांगितलं असेल, मास्तर, लाईट गेली तर केलेलं काम जाईल, निदान फाईल तरी मिटून जात जा. कुणाही बाईला ते अम्मा म्हणत, आणि यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "अम्मा, माग सोडून जाताना कुणी धागे तोडून जातं का?" मी कपाळाला हात लावायची आणि माझ्या पगाराच्या कामाला लागायची.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी पगार आणि बिलं बघते. मास्तर तिथे नक्षी काढायचे. उभं आयुष्य ग्राफपेपरवर गेलं, म्हणून ग्राफमास्तर. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कापडातली उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठ, असा त्यांचा हिशोब. पुढे डोळे थकले, हात थरथरायला लागला, शाई चौकोनाबाहेर जायला लागली. अशात एकदा ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मी हिशेबाच्या शीटमध्ये, म्हणजे त्या आडव्या-उभ्या रकान्यांच्या शीटमध्ये, हजेरी भरत होते. "हा तर तयार ग्राफपेपर की," म्हणाले. झालं! रकाने दाबून दाबून चौकोनी करायचे आणि एकेक चौकोन माऊसने रंगवत बसायचं, असा उद्योग त्यांनी सुरू केला. नक्षीसाठी वेगळे प्रोग्रॅम मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. आता शिकायचं वय राहिलं नाही म्हणायचे. खरं तर मनातच नव्हतं, महाहट्टी माणूस.

एकदा त्यांनी काढलेला मोर आम्ही एका बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला ई-मेलने पाठवला. त्याच्याकडे दुसराच प्रोग्रॅम. त्याने फाईल आपल्या प्रकारात बदलून घेतली आणि हसत हसत फोन केला, की मोर मागवला होता, तुम्ही खुडूक कोंबडी पाठवलीत. मी मास्तरांना समजावलं, की फाईलचा प्रकार बदलला की रकान्यांची मापं फिसकटतात, आपण बनवलेला रंग तिकडे सापडला नाही तर तो प्रोग्रॅम जवळचा कुठलातरी रंग उचलतो. त्यांचा चहा निवून गेला. मग म्हणाले, "म्हंजे तितं गेल्यावर तो आपला ऱ्हात न्हाय."

तेव्हापासून ते नक्षीत चिठ्ठ्या ठेवायला लागले. म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक लाल ठिपका, आणि माऊस तिथे नेला की मास्तरांचा मजकूर उघडायचा. हा लाल कुंकवाचा, विटेचा न्हाय. हितं पिसाची कड हाय, घाई करू नको. रंग पळाला तरी शब्द पळणार नाहीत, असा त्यांचा भरवसा होता. मागावरची पोरं त्या चिठ्ठ्या वाचून खो खो हसायची, पण चुकायची नाहीत.

मास्तरांच्या बायकोला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. त्यांच्या घरात एक धड चादर नव्हती. कुठे धागा सुटलेला, कुठे रंग उतरलेला, असला सेकंडचा मालच कारखान्यातल्या माणसांच्या घरी जातो. जगाला मोर आणि मला लंगडा मोर, असं त्या नवऱ्याला तोंडावर ऐकवायच्या. शेवटी मास्तर म्हणाले, सांग तुला काय पाहिजे. बाईंनी मागितला दारातला शेवगा. रस्ता रुंद करताना तोडलेला. शेवग्याची चादर कुणी ऐकली आहे का? मालक पोट धरून हसले. मास्तर मात्र जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं झाड काढायला लागले. फाईलचं नाव आधी 'झाड' होतं, मग 'झाड नवीन', मग 'झाड शेवटचं', आणि त्यानंतर 'झाड शेवटचं परत'.

त्याच वर्षी मास्तरीणबाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आम्ही सगळे त्यांच्या काळजीत, आणि गेले मास्तर. उन्हाळ्यातली दुपार होती, रविवार. भाकरी खाल्ली, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. इकडे कारखान्यात पडद्यावर टॉवेल तसाच होता आणि आत झाड उघडं होतं. पुढच्या दोन-चार दिवसांत कधीतरी लाईट गेली आणि संगणक आपोआप बंद पडला.

लाईट आल्यावर मी ती फाईल उघडायला गेले. पडद्यावर एक सूचना आली. इंग्रजीत होती, अर्थ असा, की ही फाईल सध्या मास्तर वापरत आहेत, फक्त वाचायला उघडायची का? 'मास्तर' हे नाव मीच कधीतरी त्या संगणकात घालून दिलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या सूचनेचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. उघड्या फाईलवर संगणक आपली एक खूण ठेवतो, लाईट अचानक गेली की ती पुसायची राहते. पण ठाऊक असून काय उपयोग? मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आमचे एक म्हातारे विणकर मागून बघत होते. ते हळूच म्हणाले, "बसलेत तर बसू दे की, ताई." त्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसेना आणि फाईल कुणी उघडेना. मी मात्र अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत जाऊन नुसती ती सूचना बघून यायची. वेडेपणा म्हणा. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

मग कारखान्यात नवा माग आला, संगणकावर चालणारा. त्याला फाईल निराळ्याच प्रकारची लागते. मालकांचा मुलगा, आमचे छोटे मालक, मनाने चांगले. मास्तरीणबाईंची चादर एकदा विणून देऊ, म्हणाले. मी झाडाची फाईल न उघडताच पेनड्राइव्हवर घेतली. बरं झालं घेतली, कारण त्या आठवड्यात जुन्या संगणकाने जी मान टाकली ती टाकलीच. त्याच्याच जागी मांडलेल्या नव्या संगणकावर फाईल उघडली तेव्हा ती सूचना आली नाही, ती खूण जुन्यातच राहिली होती. आता ती फाईल कुणीच वापरत नव्हतं. मास्तर गेले त्या दिवशीही मी रडले नव्हते इतकी तेव्हा रडले.

आणि फाईल उघडली ती कशी? नव्या प्रोग्रॅमने मास्तरांच्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडून ठेवल्या होत्या. अख्ख्या झाडावर मास्तर बोलत होते. ही फुलं पांढरी न्हाय, ताकाची. ही शेंग कवळी हाय, वाकव. हितं खोडाला खिळा मारला हुता, दाखव. चिठ्ठ्यांच्या खाली बघावं तर खोड जांभळं, फुलं करडी, झाड आडवं पसरलेलं. मी दार लावून घेतलं आणि कामाला बसले. रकाने परत चौकोनी केले. चिठ्ठी वाचायची आणि रंग भरायचा, चिठ्ठी वाचायची आणि रंग भरायचा. कानाशी कुणीतरी बसून सांगतंय असं सारखं वाटत राहायचं. मी दोनदा मागे वळून बघितलं, खोटं कशाला बोलू.

झाड जागेवर आलं. फक्त खोडाच्या उजव्या अंगाला, सावलीत, एक लांबट जागा कोरी होती. रंग नाही, चिठ्ठी नाही. ही जागा मास्तरांनी सोडली, की लाईट गेली तेव्हा, नाहीतर फाईल बदलताना, तिथलं काही गळून गेलं? मी पेनड्राइव्हवरची फाईल येईल त्या प्रकारात बदलून बघितली. जागा कोरीच. जुना संगणक मेलेला, विचारायचं कुणाला? छोटे मालक म्हणाले, पानं भरून टाका, कुणाला कळतंय. त्यांचंही बरोबर होतं. पण माझा हात चालेना. गळालं असेल तर मास्तरांचं शेवटचं काम आम्ही अर्धं गमावून मागावर चढवणार होतो. आणि सोडलं असेल, तर तिथे पानं भरणारी मी कोण?

शेवटी मी मास्तरीणबाईंनाच रिक्षा करून बोलावलं. आल्या त्या सरळ मास्तरांच्या खुर्चीत बसल्या. नवरा कुठे बसून काय काढायचा हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. खोडावर बोट फिरवलं, शेंगा बघितल्या. मी सगळं खरं सांगून टाकलं, की मास्तरीणबाई, इथलं काहीतरी गेलंय, ते काय होतं मला माहीत नाही.

त्यांनी त्या कोऱ्या जागेवर तळवा ठेवला. "हितं माझी बाज असायची," म्हणाल्या. "मला तितं निजलेली काढा म्हणलं हुतं मी."

मग का नाही काढलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्यात आजारी माणसाचं चित्र मागावर चढवत नाहीत. मागावरचं कापड शेवटी कापूनच उतरवायचं असतं ना. "मला म्हणले, आदी बरी हो. मग काढतो."

म्हणजे काही गेलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं आलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. छोटे मालक दारात उभे होते, ते माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, मी काढू का आता, प्रयत्न करते.

"नको. ते काढणार हुते."

काचेवरचा हात त्यांनी उचलला नाही. मग पडद्याकडे जरा वाकल्या आणि हळू आवाजात, आम्ही दोघं तिथे नसल्यासारखं, म्हणाल्या, "आता बरी झालेय की मी."