शेजारणीची शेळी
नातीने आणलेली शेळीच्या दुधाची बाटली उघडताच तो उग्र वास आला आणि कर्वेनगरातली एक सकाळ आठवली. वस्तीत परवान्याशिवाय जनावर पाळायचे नाही, या नियमावर बोट ठेवून मी महापालिकेत निनावी तक्रार केली होती. शेजारणीची शेळी महापालिकेच्या माणसांनी ओढत गाडीत चढवली, रस्ताभर लेंड्या पडल्या. शेजारीण धावत माझ्याकडेच आली. “भाऊ, तुमी शिकल्यालं हायसा, सोडवायचा अर्ज लिवून द्या. तुमच्या बाळाला आता दूध कुठनं देऊ?” बायको हळूच म्हणाली, “त्याला गाईचं पचत नव्हतं. विचारलं असतं, तर तुम्ही नकोच म्हणाला असतात.” अर्ज मी लिहिला, पण तक्रारीतल्या अक्षराशी जुळून मी पकडला जाऊ नये म्हणून अक्षर बदलून. शेळी परत आली नाही. ती तक्रार माझी होती, हे आज प्रथमच लिहितो आहे, माझ्याच अक्षरात.