डाळ शिजते का?

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की बाई आधी चपला काढत, खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहत आणि उजव्या टाचेनं जमिनीवर दोनदा धप्‌ धप्‌ करत. शाळेच्या मैदानावर कवायत घेताना करायच्या तसंच. घरमालक दचकायचा. मालकीण स्वयंपाकघरातून डोकावायची. बाई मात्र मान तिरपी करून जमिनीचा आवाज ऐकत आणि म्हणत, "घूस लागली आहे खाली. पण पाहू. आपल्याले घाई नाई."

विकत घ्यायला घर शोधणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. कुणी भिंतींचा रंग पाहतं, कुणी रस्ता, कुणी शेजारी. इतक्या ठामपणे घर पाहणारी बाई मात्र मी दुसरी पाहिली नाही.

वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. उंच, सावळ्या, गळ्यात शिट्टी. मी नवीनच मराठी शिकवायला लागले होते, लग्नही नुकतंच झालेलं. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढ्यावरून त्यांनी मला धरलं. "रविवारी तुले काही काम आहे? नाई ना? मंग चल, घर पाहाले जाऊ." मी गेले, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे जातच राहिले.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई. मूळ गाव वडनेरच्या बाजूचं. बाई लहान असताना घर बौद्ध झालं आणि त्याच सुमारास वडिलांनी पोरीला शिकायला वर्ध्याला पाठवलं. वडील गेल्यावर आई इथे आली. येताना तिनं दगडी जातं आणलं होतं. भाड्याच्या घरात जातं रोवू कोण देणार? दर वर्ष-दोन वर्षांनी घरमालकाला काहीतरी आठवायचं, कधी भावाची बदली, कधी पोरीचं बाळंतपण, आणि मायलेकींना खोली सोडावी लागायची. मग हातगाडीवर सगळ्यात आधी जातं चढायचं. हातगाडीवाला कुरकुरायचा. आई म्हणायची, "बाप्पा, हे नाई नेलं तं मी बी नाई येत."

म्हणून बाईंना घर हवं होतं. स्वतःचं, स्वतःच्या नावाचं.

त्या काळात वर्ध्यात घर विकत घेणं म्हणजे पाटी पाहून फोन करणं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्यावर एका सायकलच्या दुकानाबाहेर बाकड्यावर एक दलाल बसायचा. कुठलं घर निघालं, कुठल्या भावांमध्ये वाटणी होणार, कोण नागपूरला चाललं, हे सगळं त्याच्याकडे कळायचं. तो सायकल हातात धरून पुढे चालायचा, मागून आम्ही दोघी. प्रत्येक घराला तो "एक नंबर" म्हणायचा. छपराची कवेलू गळकी असली तरी एक नंबर. भिंतीला उभी चीर गेलेली असली तरी एक नंबर.

बाई घर पाहायला उन्हाळ्यातच जायच्या आणि तेही भर दुपारी. मी कुरकुरले तर म्हणायच्या, दिवाळीत कोणतंही घर चांगलंच दिसते. उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी राहतं, पश्चिमेची भिंत किती तापते, रात्री कुठे झोपता येईल, हे भर उन्हाशिवाय कळत नाही. आणि मग घरच्या बाईकडे वळून त्या ठरलेला प्रश्न विचारायच्या.

"या पाण्यात डाळ शिजते का?"

पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पण आमच्याकडे अर्ध्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर ठेवा, दाणा दाणाच राहतो. पुरुषमाणसं घर विकताना हे सांगत नाहीत, त्यांना ते ठाऊकही नसतं. बायका मात्र या प्रश्नाला खोटं बोलत नसत. एक जण तर म्हणाली, "कायची शिजते बाई, मी नळावरून आणते पाणी." आतून तिच्या नवऱ्यानं जोरात खाकरलं. ते घर गेलं.

कुणी विचारायचं, यजमान नाही आले पाहायला? बाई शांतपणे सांगत, "मी घर पाहून राह्यली, यजमान नाई." दलाल मान फिरवून हसायचा.

असं करत करत एक घर खरंच मनासारखं निघालं. जुन्या वस्तीत, शाळेपासून पायी जाण्याजोगं. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. टाचेखालची जमीन घट्ट वाजली. विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी. डाळ शिजत होती. दुसऱ्या रविवारी बाई आईला घेऊन आल्या. मालकीणबाईंनी आईला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, दोघींनी लोणच्याच्या कैऱ्यांवर बराच वेळ गप्पा मारल्या. उठताना आईनं मागच्या पडवीचा कोपरा पाहून ठेवला. तिथे जातं बसणार होतं.

बोलणी ठरली. कराराचा कागद करायचा म्हणून मालकांनी चष्मा लावला आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगता का बाई?"

बाईंनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव.

मालकांनी पेन टोपणात घातलं. मुहूर्त पाहावा लागेल, म्हणाले. पुढच्या बुधवारी दलाल शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याला बाईंकडे बघवत नव्हतं. "मालकाचा पोरगा नाई म्हणून राह्यला, बाई. त्याले घर विकाचं नाई." मग खाली मान घालून त्यानं एक तोड सुचवली. माझ्या यजमानांच्या नावानं व्यवहार करायचा, पुढे दोन-चार वर्षांनी बाईंच्या नावावर करून घ्यायचं. कुणाला कळणारही नाही.

मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मी म्हटलं, आमची काही हरकत नाही बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही.

"घर माझं अन् नाव दुसऱ्याचं? मंग तिथंही मी भाड्यानंच राहीन ना."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले होते. आई जात्यावर पदर टाकून त्याला टेकून बसली होती. तिनं विचारलं, त्या घराचं काय झालं? बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कंदिलाची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "जमलं नाई, माय. त्या पाण्यात डाळ शिजत नाई."

आईनं जात्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पाणी तं गोड लागलं होतं मले." आणि तिनं विषय सोडला. त्या दोघींपैकी कोण कुणाला सांभाळत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढे एक-दोन रविवार बाईंनी नावच काढलं नाही. मग दलालच आला. मनाला लागलं असावं त्याच्या. म्हणाला, घर नाही, पण जमीन दाखवतो. आंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर, एका शेतकऱ्यानं वावर मोडून लेआउट पाडला होता. चुन्याच्या रेघा आखलेल्या, मधेच कपाशीच्या पऱ्हाट्यांचे खुंट उभे. काळी माती उन्हानं इतकी फाटलेली की माझी चप्पल भेगेत अडकली. आयुष्यात पहिल्यांदा दलाल त्या जागेला एक नंबर म्हणाला नाही.

शेतकरी वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला होता. त्यानं तोंड उघडायच्या आत बाईंनी आपलं पूर्ण नाव सांगून टाकलं. गावासकट. म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, वर्ष झालं रेघा मारून, पण इथे पहिलं घर बांधायला कुणी तयार होत नाही. "तुमी पह्यलं घर बांधा, बाई. एक दिवा लागला की बाकीचे येतीन."

बाई म्हणाल्या, "बांधते. पण आधी विहीर खोदा. पाणी लागलं तं बोलू. आपल्याले घाई नाई."

त्यानं खोदली. पाणी लागलं. बाईंनी घागरभर पाणी आणि वाटीभर तुरीची डाळ घेऊन तिथेच तीन दगडांची चूल मांडली, आणि म्हातारा, दलाल, मी, असे सगळे बाभळीखाली डाळ शिजायची वाट पाहत बसलो. शिजली. मीठ नव्हतं, तरी सगळ्यांनी खाल्ली.

घर बांधणं मात्र सोपं नव्हतं. काळ्या मातीत पाया घातला तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंत फाटते. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. मजूर कमरेएवढं खणून थांबले आणि म्हणाले, बस झालं. बाई शाळेतून थेट आल्या, पदर खोचून खड्ड्यात उतरल्या, लोखंडी सबलीनं टोचून पाहिलं आणि शिट्टी वाजवली. मजूर हसत हसत पुन्हा खणायला लागले. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. एका खेपेला चार पोती मिळाली की दुसऱ्या खेपेसाठी महिनोन्‌महिने थांबायचं. कर्जाच्या सोसायटीत पुरुष जामीन मागितला, तर बाईंनी आमच्या मुख्याध्यापिकेला उभं केलं. "या शंभर पुरुषांना ओळीत उभं करतात," असं बाईंकडे बोट दाखवून मुख्याध्यापिकेनं तिथल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी सही केली.

घर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. फाटकावर बाईंच्या पूर्ण नावाची पाटी. राहायला गेल्या त्या दिवशी बाईंनी गवंड्याला बोलावून जातं कुठे रोवायचं ते आईला विचारलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता कोन दळते? चक्की हाये ना गावात. राहू दे बाहेर, बसाले होईन." बाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं.

म्हातारा म्हणाला तसंच झालं. दिवा दिसला आणि माणसं आली. आधी एक कंपाउंडर, मग दोन शिक्षक, पुलगावच्या लष्करी डेपोतले एक जण, मग आम्ही. कोण कुठल्या समाजाचं, याची सरमिसळ आपोआप होत गेली. जागा पाहायला आलेल्यांना दलाल आधी बाईंकडे नेई, आणि बाई त्यांना तिथले सगळे दोष सांगत. आषाढात चिखल गुडघ्याएवढा, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. साप निघतात. दवाखाना लांब. "बाई, तुमी तं गिऱ्हाईक पळवून राह्यल्या," दलाल रडकुंडीला यायचा. पण गिऱ्हाईक पळत नसे. एवढं सगळं सांगणारी बाई स्वतः तिथे राहते, म्हणजे जागा चांगलीच असणार, असं लोकांना वाटायचं.

दहाएक वर्षं गेली. रस्त्यावर खडी पडली होती, विजेचे खांब आले होते. बाईंच्या शेजारचं घर विकायला निघालं. दलाल एक तरुण जोडपं घेऊन आला. मी बाईंकडेच बसले होते. दलालाचा चेहरा पाहून मला वाटलं, याला ऊन लागलं. आत येऊन तो बाईंच्या कानाशी काही बोलला. त्या जुन्या वस्तीतल्या मालकांचा हा मुलगा होता. वडील वारल्यावर घराची भावाभावांत वाटणी झाली होती, आणि याला आता घर हवं होतं.

बाई उठल्या. चपला घातल्या आणि जोडप्याला शेजारचं घर दाखवायला घेऊन गेल्या. मीही मागे. मागच्या भिंतीला ओल येते, ती दाखवली. उन्हं कुठून येतात ते सांगितलं. बायकोनं पाण्याचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, पाणी गोड आहे, काळजी करू नको.

परत फाटकाशी आलो तेव्हा त्या तरुणाची नजर पाटीवर गेली. त्यानं नाव वाचलं आणि तो उभाच राहिला. घरात कधीतरी ते नाव त्याच्या कानावर पडलं असावं.

"तुम्हीच आमचं घर घेणार होता," तो म्हणाला.

"हाव."

"नंतर मी आईकडून ऐकलं. नकार द्यायला बाबांनी माझं नाव पुढे केलं म्हणून. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो, बाई. मले कोणी विचारलंच नव्हतं."

दलाल सायकलची घंटी उगाच चाचपत होता. इतकी वर्षं बाईंनी ज्या मुलाचा नकार मनात ठेवला असेल, त्यानं तो दिलाच नव्हता. त्यांनी हात फाटकावर ठेवला होता, तो घट्ट झालेला मी पाहिला. मग सैल झाला.

"मंग आता विचारते," बाई म्हणाल्या. "शेजारी राहाले जमन का?"

त्याच्याआधी त्याची बायकोच म्हणाली, "जमन." आणि त्यांनी ते घर घेतलं. त्यांची पहिली मुलगी बाईंच्या ओट्यावर चालायला शिकली.

आई गेल्यावर बाईंनी वर तीन खोल्या चढवल्या. नर्सिंगच्या, डी.एड.च्या मुलींना गावात कुणी खोली देत नाही, हे त्यांना शाळेतून कळत असे. कुणाच्या जातीमुळे, कुणाच्या एकटेपणामुळे. मुली जोडीनं यायच्या, बिचकत. बाई म्हणायच्या, वर जाऊन पाहा, आवडली तर राहा.

माझ्या यजमानांची बदली पुलगावला झाली आणि आमचं त्या लेआउटमधलं राहणं सुटलं. नोकरीची काही वर्षं शिल्लक असतानाच बाई गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. निरोप पोचून मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दोन-तीन महिन्यांनी काही कामानं वर्ध्याला आले होते, पाय आपोआप तिकडे वळले. फाटक उघडंच होतं. घर आता बाईंच्या भाचीकडे होतं, ती कामाला गेलेली. जिन्याच्या पायऱ्यांवर तीन मुली न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या. पुस्तकं उन्हात पालथी पडलेली. तिघींपैकी एकही माझ्या ओळखीची नव्हती. मी फाटकात उभी राहिले, आणि कुणाकडे आले हे मलाच सांगता येईना.

एक मुलगी केस बाजूला सारून उठली. "उन्हात काऊन उभ्या आहात?" ती म्हणाली. "या ना, बसा," आणि माझ्यासाठी तिनं पायरीवरची पुस्तकं उचलली.