वर्निसची सही

ती जबाबदारी वर्निस टॉलिव्हरने स्वतःहून मागून घेतली होती, आणि आता तीच तिच्या गळ्याशी आली होती. जॉर्जियातल्या त्या लहानशा गावच्या शाळेत ती एकवीस वर्षं ग्रंथपाल होती. काळ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांवर तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा एकेक पुस्तक तपासून सही करणारं माणूस हवं होतं. परक्याच्या हातात पेन जाण्यापेक्षा आपल्या हातात बरं, म्हणून शहाणीने हात वर केला. पण 'योग्य' लिहिलं की कागद शाळा मंडळाकडून परत यायचा, 'अयोग्य' लिहिलं की मुकाट पुढे सरकायचा. सही दोन्ही वेळा तिचीच.

जानेवारीत तिच्याच चर्चने छापलेलं पुस्तक तिसऱ्यांदा परत आलं. त्यात एक फोटो होता. गावच्या ग्रंथालयाच्या दारात उभी असलेली बारा वर्षांची काळी मुलगी, जिला आत घेतलं नव्हतं. ती वर्निसची आई, लर्लीन. दर फेब्रुवारीत, काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, लर्लीनबाई ठेवणीतली टोपी घालून शाळेत यायच्या, मुलांना रताळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ खाऊ घालायच्या आणि ते पान वाचून दाखवायच्या.

वर्निसने 'अयोग्य' लिहिलं. नोकरी जाण्याची भीती होती, दुसरं काही नाही. आईला सांगायची मात्र छाती झाली नाही.

फेब्रुवारीत लर्लीनबाई 'पाय'चा डबा घेऊन हजर. तक्रार आलेल्या पुस्तकांच्या कपाटावर खाकी कागद डकवलेला.

"हे काय गं, भिंतींना रंग देताय?"

"आई, यायच्या आधी फोन करायचास ना."

"आजवर कधी केलाय? पुस्तक दे."

"नाहीये ते. काढलं."

"कुणी?"

वर्निस कपाटावरच्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवू लागली.

"राहू दे. तोंडपाठ आहे मला," म्हणत म्हातारी मुलांपुढे बसली.

तेवढ्यात मुख्याध्यापक हॅस्क्यू दारात आले. "मिसेस टॉलिव्हर, पाहुण्यांचं भाषणही आधी मंजूर व्हायला लागतं. तुम्हीच सांगा यांना."

मुलांचं लक्ष 'पाय'च्या डब्याकडे होतं. वर्निसने वाकून आईचा हात धरला. "चल आई, मी गाडीपर्यंत सोडते तुला."

आईने वाद घातला नाही. दारात थांबून टोपी तेवढी सारखी केली.

"त्या ग्रंथालयातली बाईसुद्धा असंच गोड बोलली होती," ती म्हणाली. "माझा हातही असाच धरला होता तिने."

वर्निसला तो हात झटकन सोडावासा वाटला. पण पुढे पायऱ्या होत्या, आणि म्हातारी पडली असती.