पाचवी प्लेट

१९५७ साल. परळच्या एका गिरणीत फिटर असलेल्या रावजी कासारेने लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल घेतली होती. तिचं इंजिन त्याने स्वतः इतकं तेज केलं, की जुना क्लच त्याला पुरेना. चढावर क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरायच्या; इंजिन डरकाळ्या फोडायचं आणि गाडी मात्र कशीबशी सरकायची.

फणसवाडीतला त्याचा गॅरेजवाला मित्र हेरंब म्हणाला, "कडक स्प्रिंगा टाक. प्लेटा घसरायचं नाव घेणार नाहीत."

रावजीने डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटं गिरणीच्या यंत्राने नेली होती. "कडक क्लच दाबू कशाने रे?"

पण रावजीच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. चार जाड प्लेटांच्या जागेत पाच पातळ प्लेटा बसवल्या तर? पकड वाढेल आणि स्प्रिंगा नरमच राहतील. मग आठवडाभर तो पत्रे घासत बसला.

रावजी ज्या राजकीय समितीचं काम करायचा, तिची पत्रकं रविवारी वाळकेश्वरला पोचवायची होती. गठ्ठा मांडीवर घेऊन बायको ललिता मागे बसली. चौपाटी मागे पडली, मलबार हिलचा चढ समोर आला. रावजीने उरलेल्या बोटांनी अलगद क्लच दाबून गिअर बदलला, आणि गाडी बाणासारखी वर सुटली. त्याला ओरडावंसं वाटलं.

पत्रकं देऊन दोघं खाली उतरली, तेव्हा ललिताच म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा वर जाऊ या ना."

ती दोघं आणखी दोनदा तो चढ चढली.