सव्वापाचची पावती

ती घटना आठवली की आजही बरे वाटते. पोलीस खात्यातल्या आठवणींबाबत असे क्वचितच म्हणता येते. मी तेव्हा डिचोली तालुक्यात होतो. सुर्ल्याच्या रस्त्यावर एका ट्रकने सायकलवरच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, उडवले आणि ट्रक न थांबता पळाला. पोदेराचा पाय मोडला. पाच वाजता खाणीचा भोंगा वाजत असतानाच धडक बसली, असे त्याने जबाबात सांगितले.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली आणि सावंतवाडीकडच्या एका ड्रायव्हरला मी ठाण्यात आणले. तो एकच धरून बसला, "भोंगो वाजलो तेवा माझो ट्रक काट्यार उभो होतो, सायबा."

वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरची त्याच्या ट्रकची पावती मात्र सव्वापाचची होती. धडकेच्या जागेपासून काटा गाठायला तेवढाच वेळ लागे. मी उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा दर वेळी थोडी डागडुजी करतो. याने शब्दही बदलला नाही. तरी छापील पावतीपुढे त्याचे कोण ऐकणार? लायसन्स जाणार आणि कोठडी मिळणार, हे तोही समजून चुकला होता.

पावतीची खात्री करायला मी काट्यावर गेलो. तिथला कॉम्प्युटर पेडण्याहून येणारी एक मुलगी चालवायची. मी उभा असतानाच पाचचा भोंगा वाजला. माझ्या मनगटावर पाच, स्क्रीनवर सव्वापाच.

"करंट गेला की घड्याळ बिघडते का याचे?" मी विचारले. तिने नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी ती सुटली असती.

"नाय साहेब. मीच ता फुडे करून ठेवलंय, महिनो झालो. हापीस ह्या घड्याळार सुटता. शेवटची बस चुकली तर घराक पोचाक गावणा नाय." मग तिचा चेहरा उतरला. "त्या ड्रायव्हराक ह्याच्यामुळे धरल्यात?"

तिचा जबाब नोंदवला. त्या दिवसाच्या सगळ्या वेळा पाव तास मागे घेतल्या, तेव्हा धडकेनंतर खऱ्या सव्वापाचला काट्यावर आलेला ट्रक दुसराच निघाला. त्याच्या बंपरला सायकलचा रंग लागलेला होता. त्या ट्रकच्या ड्रायव्हरने फारसे आढेवेढे न घेता कबुली दिली.

काट्याचा मॅनेजर मुलीला कामावरून काढायला निघाला होता. मी त्याला स्पष्ट सांगितले, की काट्यावर खरे बोलणारे माणूस मिळाले आहे, ते घालवू नका. तो कुरकुरला, पण त्याने ऐकले. तिला बसपुरते लवकर सोडायचे ठरले आणि कॉम्प्युटरचे घड्याळ रोज सकाळी रेडिओवरून लावायची जबाबदारी तिच्यावरच आली.

यंत्रातली वेळही कुणीतरी माणसानेच लावलेली असते, हे मी तिथे शिकलो. पुढे कुठलीही पावती हाती आली की आधी घड्याळ पाहू लागलो.

सावंतवाडीकडच्या ड्रायव्हरला सोडताना मी त्याला काट्यावरच्या मुलीची हकिगत सांगितली. मला वाटले, आता हा आमच्या नावाने बोटे मोडणार. त्याने पायात चपला सरकवल्या आणि विचारले, "सायबा, त्या चेडवाची नोकरी ऱ्हवली मां?"


"राहिली," मी म्हणालो.