मगरीचं जड स्टेअरिंग

माझं कुणी ऐकलंच नाही. पहिल्या दिवसापासून सांगत होते, देवधर काकांच्या हातांना काही झालेलं नाही. पण गॅरेजात पान्याला जेवढा मान असतो, तेवढा मालकिणीच्या बोलण्याला नसतो. खडकीत आमचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. अशा गाडीखाली जसं ऑइल साचतं, तसे गाडीभोवती किस्से साचतात. ऑइल निदान पुसता येतं. हे सगळे किस्से एकाच गाडीचे.

गाडी अमेरिकन, हिरवी, लांबच लांब. आम्ही तिला मगर म्हणतो. स्टेअरिंग डाव्या बाजूला, त्याच्या उजवीकडे डॅशबोर्डवर किल्ली. मालक देवधर काका, ऐंशीचे. त्यांचा मुलगा निखिल हिंजवडीत नोकरीला. गाडी सोडायला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, सोसायटीचा उतार संपला की डावीकडे वळताना बाबांना स्टेअरिंग फिरवता येत नाही. परवा भिंतच गाठली असती. दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर त्यांचे हात गेले समजायचं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ही शोभेला दारात उभी करायचीय."

"आणि बाबांना कुठे उभं करणार?" मी विचारलं.

त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि रिक्षा पकडली.

*

आमचे मेकॅनिक सलीमभाई काकांना समजावत होते. चांगलं ओरडून. "काका, इंजिन पंप फिरवतं. पंप ऑइल ढकलतो. ऑइलच्या जोरावर स्टेअरिंग हलकं होतं. इंजिन बंद, तर मदत बंद. मग रणगाडा वळवल्यासारखं."

काका मान हलवत होते. सगळं सांगून झालं, तेव्हा त्यांनी खिशातून कानाचं मशीन काढून कानात घातलं.

"हं, आता बोला."

*

आधी बेल्ट सैल निघाला. बदलला. सलीमभाईंनी खडकी बाजारात चक्कर मारली, एका बोटाने मगर वळवली. "वहिनी, लोणी!" दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "जड आहे."

मग ऑइलला फेस दिसला. चाकं उचलून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आतली हवा काढली. पुन्हा लोणी. पुन्हा फोन.

मग पंप खोलला. त्यात काहीच निघालं नाही.

आमचे हे म्हणाले, "आमच्या हातात हलकी आणि त्यांच्या हातात जड. मग दोष गाडीचा कसा?"

"एकदा त्यांच्या घरून चालवून बघा. ते चालवतात तशी," मी म्हटलं.

"का? गाडीला पत्ता कळतो?"

सगळं गॅरेज हसलं. मीही लक्षात ठेवलं, कोण किती हसलं ते.

*

काकांबरोबर सुमनकाकू यायच्याच. काका जातील तिथे काकू. स्टुलावर बसायच्या आणि निघताना आमचा पंखा बंद करायच्या. सवयच. सरळ समोर बघत चालायच्या, हात आपोआप बटणावर.

एकदा सलीमभाई गाडीखालून ओरडले, "काकू, मी आहे अजून!"

"माहितेय. पण तुम्ही खाली. वारा वरच्या वर चाललाय."

*

दुपारी डबे उघडले. लोणच्याच्या बरणीचं झाकण जाम. आमच्या ह्यांनी फडकं गुंडाळून बघितलं. सलीमभाईंनी पाना शोधायला घेतला. काकांनी बरणी घेतली, एक झटका दिला आणि झाकण माझ्या हातात ठेवलं.

"बघितलेत हात?" मी म्हटलं.

आमचे हे म्हणाले, "आम्ही सैल करून दिलं होतं."

*

शेवटी निखिलचा निरोप आला, सोमवारी हॉटेलवाला गाडी न्यायला येणार. काका त्या दिवशी गॅरेजात आले आणि मगरीचं बॉनेट पुसत बसले.

रविवारी मी सलीमभाईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. मागच्या सीटवर निखिल, सलीमभाई आणि मी. पुढे काका, त्यांच्या उजवीकडे काकू. मशीन खिशात.

गेटबाहेर उतार लागला. काकांनी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. काकू सरळ समोर बघत होत्या. त्यांचा डावा हात डॅशबोर्डवर गेला, किल्ली फिरली आणि इंजिन गप्प झालं. आम्हाला कळलं. काकांना कळायचं कारण नव्हतं.

वळण आलं. काकांनी दात आवळले, दोन्ही हातांनी ते अख्खं धूड ओढून वळवलं आणि भिंत वाचवली. काकूंनी किल्ली परत फिरवली. काकांनी गिअर टाकला, मगर एक हिसका देऊन चालू झाली.

"या अल्ला," सलीमभाई पुटपुटले. "बंद इंजिनावर मला नसती वळवता आली."

निखिल वडिलांच्या मनगटांकडे बघत राहिला. मग पुढे वाकून म्हणाला, "आई, तू हे काय करतेस?"

"उतारावर आपोआप जाते की. पेट्रोल कशाला जाळायचं?"

निखिलने तिथल्या तिथे हॉटेलवाल्याला फोन लावला आणि दारात बैलगाडी उभी करायला सांगितलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे हे. "काय निघालं? पंप? बेल्ट? की काकांचे हात?"

"सुमनकाकू."