कानबाईचा रोट आणि आमचं वेगळं राहिलेलं वर्ष

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर राहूनच जाईल! शेजारच्या काकूंनी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या, रोटाचे गहू धुऊन वाळत घातलेत आणि ते बघून तो कोर्टातला दिवस परत डोळ्यांसमोर आलाय.

तेव्हा मी धुळ्याला माहेरी, थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे राहायचे, टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे. नवरा जळगावला. मारहाण नाही, मूल नाही, जमलंच नाही एवढंच. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं. एक वर्ष वेगळं राहिलं की अर्ज करता येतो, हे मला माहीत होतं. मग वकील कशाला? मीच खटाखट टाइप केला: 'गेल्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्नी माहेरी गेली, तेव्हापासून उभयता एक दिवसही एकत्र आलेले नाहीत.'

अक्का म्हणाली, "शहाणे, सही करायच्या आधी गल्लीतल्या वकील नानांना दाखव तरी."

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "एक दिवसही नाही? नक्की?"

आणि मला आठवलं. श्रावणात सासूबाईंनी निरोप धाडला होता: 'एक दिन ये माय, तुनाबिगर कानबाईना रोट कसा व्हई?' मी गेले होते! तसं नानांना सांगितलं. रोट म्हणजे फक्त घरच्यांनी खायचा प्रसाद, लेकीलासुद्धा लग्नानंतर देत नाहीत.

"मग रोट खाल्ला?" नानांनी विचारलं.

"खाल्ला."

"पूजेला जोडीनं बसलात?"

"...हो."

नानांनी पेन खाली ठेवलं. माझं वर्ष मोडलं! आता परत पहिल्यापासून? नवरा आज तयार होता, पण त्याचे काका रोज त्याचे कान भरत होते. पुढच्या वर्षी तो हो म्हणेल कशावरून?

"रात्री निजलात कुठे?"

"निजते कुठली नाना! रात्रभर बायकांबरोबर गाणी म्हटली. हे अंगणात गॅसबत्तीला हवा मारत बसले होते."

नाना एवढे हसले की अक्का आतून धावत आली. मग गंभीर झाले. "देवीसाठी एक दिवस जाणं म्हणजे संसार करणं नव्हे. वर्ष मोडत नाही. पण हे वाक्य खोटं आहे, ते काढ. गेले होते असं सरळ लिही. आणि कोर्टात दोघांनी एकच सांगा. तू हो म्हणालीस आणि तो नाही म्हणाला, तर जजसाहेबांना बाकीच्या गोष्टींचाही संशय येईल."

नवा कागद घेऊन जळगावला गेले. नवरा भडकला. "कानबाईला कोर्टात ओढतेस? आईला कळलं तर?"

"मग खोटं बोलू?"

त्यानं कागद ओढून घेतला. सही केली, पण म्हणाला, "मला विचारलं तर मी काय बोलेन, माहीत नाही."

अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. ते सहा महिने मी त्याच्या त्या एका वाक्याच्या धास्तीत काढले!

शेवटच्या तारखेला सासूबाईपण आल्या, मागच्या बाकावर बसल्या. साहेबांनी अर्ज वाचून नवऱ्याला विचारलं, "मधे या घरी आल्या होत्या?"

त्यानं मागे आईकडे बघितलं. मान खाली.

आणि मागून आवाज आला, "साहेब, मीच बोलावेल व्हती तिले! पोरगं का सांगी?"

"ओ आजी, बसा खाली!" शिपाई ओरडला. पण नवऱ्याचं तोंड उघडलं. "हो साहेब. कानबाईला आली होती. दुसऱ्या दिवशी गेली."

साहेबांनी लिहून घेतलं आणि घटस्फोट मंजूर केला. झालं, सुटलो!

बाहेर सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या श्रावणात निरोप आला नाही. कसा येणार? आता मी त्या घरची नाही, हेच तर मी कोर्टाकडून मागून घेतलं होतं. तरी कानबाईच्या त्या रविवारी मी दिवसभर दाराकडे बघत होते.

तुमचं झालंय का कधी असं? जे सुटावं म्हणून जीव टाकला, ते सुटल्यावर त्याच घरच्या बोलावण्याची वाट बघितलीत?